जगाला दाखवलेला जग

कानस हे आमच्या धंद्यातलं हत्यार. धातूचा खडबडीतपणा घासून काढायला लागतं. मलाही लोक कानसच म्हणतात, पण ते माझ्या हातातल्या हत्यारावरून नाही. मी एकदा का कुणाच्या शेजारी बसलो की त्याचे कान घासून गुळगुळीत केल्याशिवाय उठत नाही, म्हणून. कारखान्यातल्या पहिल्याच वर्षी हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं की बायकोच्या माहेरीसुद्धा "कानस आले का?" असं विचारतात. आदरार्थी बहुवचन तेवढं सांभाळतात.

मी प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करतो. पोलादाच्या दोन ठोकळ्यांमध्ये वस्तूच्या आकाराची पोकळी कोरायची. मशीनमध्ये त्या पोकळीत वितळलेलं प्लॅस्टिक शिरतं, थंड होतं आणि बादली, टब, हँगर, जे काय असेल ते बाहेर पडतं. एका साच्यातून लाखो वस्तू निघतात आणि एकीवरही साचा करणाऱ्याचं नाव नसतं. एकतीस वर्षं हे काम केल्यावर माणूस एक तर शांत होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो. मी कुणाच्याही घरी गेलो की हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात शिरायचो आणि तिथली बादली उलटी करून बघायचो. साचा माझा निघाला की बादली घेऊनच बाहेर.

"ही बघा, ही आपली. काठावरून बोट फिरवून बघा, कुठे टोचतं का?"

यजमान बिचारे बोट फिरवायचे. एका घरी त्या बादलीत कपडे भिजत घातलेले होते. ते मी आधी फरशीवर ओतले आणि मग बादली बैठकीत नेली. त्या घरी आम्हाला परत बोलावणं आलं नाही.

बायको शिवणकाम करते. तिच्या हातच्या कॉलरला आजूबाजूच्या चार गल्ल्यांत तोड नाही, पण हे ती कुणाला सांगत नाही, त्यामुळे तेही मलाच सांगावं लागतं. आमच्या घरात बोलण्याचा साठा एकच आहे आणि तो सगळा मी वापरतो, असं तिचं म्हणणं.

पन्नाशीनंतर तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गरम पाण्यात बोटं बुडवायला सांगितली, कात्री कमी चालवा म्हणाले. ती कात्री सोडणार नाही हे मला माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. मग एका दुपारी तिचा थोरला भाऊ जेवायला आला. हा गृहस्थ शाळेत मुख्याध्यापक होता आणि घरीही तसाच बसायचा, ताठ. ही त्याच्या पेल्यात पाणी ओतत होती. भरलेला स्टीलचा जग तिच्या मुठीतून सटकला आणि सगळं पाणी मेहुण्याच्या मांडीवर.

त्या क्षणी माझं लक्ष कुठे गेलं ते खरं तर सांगू नये. मला आधी जगाची मूठ दिसली, मग मेहुणा दिसला आणि सगळ्यात शेवटी बायको. मूठ बारीक, गोल, चार बोटं घट्ट आवळल्याशिवाय धरताच न येणारी.

"ही ज्याने केली त्याला स्वतःला हात होते की नाही?" मी म्हणालो.

"आधी टॉवेल द्या," मेहुणा म्हणाला.

बायकोने फरशी पुसली, आणि त्या दिवसापासून घरात जग भरला जाईनासा झाला. ती पेल्याने पाणी आणायची, एकेक पेला, दोन्ही हातांत धरून. हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. सहस्रांश मिलिमीटरचा फरक मला दिसतो, अशी माझी ख्याती आहे.

लक्षात आल्यावर मात्र मी व्हर्निअर घेऊन तिच्यासमोर बसलो. बारीक मापं घ्यायची आमची पट्टी असते ती. तिच्या तळव्याची रुंदी घेतली, बोटं जितकी वळत होती तितकी वळवून त्यातलं अंतर घेतलं, अंगठा किती वर उचलतो ते घेतलं.

"लग्नाआधी तुम्ही माझा हात मागितलात," ती म्हणाली, "तेव्हा एवढा निरखून बघितला नव्हतात."

लाकूड आणि पुट्टी वापरून मी नमुने करायला लागलो. लाकडाच्या जगात पाणी काय राहणार, म्हणून आत वाळूची पिशवी ठेवायचो. संध्याकाळी शिवण आटोपली की तिची बोटं सगळ्यात जास्त आखडलेली असायची, तेव्हाच परीक्षा. पहिल्या नमुन्याला ती म्हणाली, "जड." दुसऱ्याला म्हणाली, "टोचतो." पाचवा तिने काही न बोलता परत दिला, तो सगळ्यात वाईट असणार. आठव्याला मला वाटलं की आता जमलं. त्याच्याबरोबर मी सगळी कारणंही सांगितली, वजन कुठे येतं, कोन किती ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही बोलताना तो बरा वाटतो."

अकरावा जमला. त्यात मूठ आवळायचीच नव्हती. रुंद कडीत हात नुसता सरकवायचा, मग जगाचा भार तळव्यावर येतो. जगाचं पोट मुठीकडे झुकलेलं, म्हणजे वजन हाताजवळ राहतं. वर अंगठ्याला टेकायला एक खोलगट जागा. तिने तो उचलला, ओतल्यासारखा वाकवला, खाली ठेवला, परत उचलला. मग डाव्या हाताने.

"हा चालेल," ती म्हणाली.

तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे माझ्यासाठी सोहळाच होता. मी तो टेबलावर ठेवला आणि लांबून बघितला. मान मागे वळवून बसलेल्या पक्ष्यासारखा दिसत होता. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण दिसल्यावर ठरवूनच केलं होतं असं मला वाटायला लागलं.

"राजहंस," मी म्हणालो.

"बदक," ती म्हणाली.

आता अशी वस्तू हातात आल्यावर शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. मी काय केलं? आमच्या साचेवाल्यांच्या संघटनेचं वार्षिक प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. नमुन्याला पांढरा रंग दिला, वर लाखेचे चार हात मारले आणि तिथे मांडला. तीन दिवस मी त्या टेबलामागे उभा होतो. येईल त्याच्या हातात जग द्यायचो. ज्यांना उचलायचा नव्हता त्यांनीही उचलला. संघटनेच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढायला माणूस आला, त्याला मी तीन वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावले आणि फोटोखालचा मजकूर स्वतः सांगितला. त्याच्या वहीचं पान संपलं तेव्हा थांबलो.

बक्षीस मिळालं एका साबणाच्या डबीला. डबीला खालून भोकं होती, बस. तिसऱ्या दिवशी मी जग पिशवीत घातला, घरी आलो आणि ते प्रदर्शन मनातून पुसून टाकलं. अंक आला तेव्हा उघडलासुद्धा नाही, कपाटाच्या मागे सरकवला. मी फुशारकी मारतो ती फक्त जिंकल्याची. हरलेल्या गोष्टी माझ्या डोक्यात टिकतच नाहीत.

त्यानंतर कारखाना सोडून मी एक जुनं मशीन घेतलं आणि स्वतःचा साचा करायला बसलो. दुसऱ्यांचा साचा मी तीन महिन्यांत देत असे. माझ्या स्वतःच्या साच्याला पंधरा महिने लागले, कारण गिऱ्हाईक मीच होतो आणि असलं चिकट गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटलं नव्हतं.

विकायला काढायच्या आधी एका दुकानदाराने सल्ला दिला की आकाराची नोंदणी करून घ्या, नाहीतर महिनाभरात नक्कल येईल. त्यानेच वकीलबाईंचा पत्ता दिला. त्यांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात डोळे तपासायचा तक्ता टांगलेला, तो वाचत वाचत वर जायचं. बाई माझ्याच वयाच्या, केस आखूड कापलेले, आणि समोरचा बोलत असताना अजिबात मान न हलवणाऱ्या. त्यांनी जग हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला.

"हा कायदा वस्तू चालते कशी ते बघत नाही," त्या म्हणाल्या, "दिसते कशी ते बघतो. आकार, ठेवण, नक्षी. डोळ्यांना दिसतं तेवढंच. हात सरकवायची युक्ती, वजनाचा हिशेब, हे इथे येत नाही. त्याचा कायदा वेगळा आहे."

"पण मी तर हातासाठीच केलाय."

"असेल. पण सगळा आकार निव्वळ उपयोगापोटीच आलाय असं ठरलं, तर नोंदणी टिकत नाही. तुमच्या जगाला रूप आहे. आपण ते दाखवू."

"रूप आहेच. राजहंस आहे."

"मला बदक वाटलं," त्या म्हणाल्या. मग पेन उचललं. "आता नीट आठवून सांगा. हा कुठे विकलाय, कुठे छापून आलाय, कुठे मांडलाय? आकार नवा लागतो. एकदा लोकांसमोर आला की तो तुम्ही स्वतः केलेला असला तरी नवा राहत नाही. काही ठिकाणी वर्षभराची सवलत मिळते, पण त्यापुढे नाही."

"नाही," मी म्हणालो. "घराबाहेर गेलेलाच नाही."

मी खोटं बोललो का? तेव्हा विचारलं असतंत तर मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं. प्रदर्शन मला आठवलं होतं, अगदी एका कोपऱ्यात. पण तिथे होता तो लाकडाचा ठोकळा. त्यात पाणी राहत नव्हतं. ज्यात पाणी राहत नाही तो जग कसा? आणि शिवाय साबणाच्या डबीबद्दल कोण बोलणार? असं सगळं मी दोन सेकंदांत मनाशी ठरवलं आणि नाही म्हणालो. एरवी मला काहीही विचारलं तर अर्धा तास बोलतो. तेवढ्या एका प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिलं. ओळखीचा कुणी तिथे असता तर त्याला तेव्हाच संशय आला असता.

अर्जासाठी जगाचे सात फोटो लागले: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका. माझा स्वतःचा इतक्या बाजूंनी फोटो कुणी काढलेला नाही. काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. दहा वर्षं या आकारावर हक्क माझा. मी ते चौकटीत घालून शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर लावलं. बायको म्हणाली, तिथे तिची धाग्यांची फळी होती. फळी खाली सरकली.

जग बरा चालला. खूप नाही, पण दुकानदार परत मागवायचे. वर्षभराने एका संध्याकाळी बायको बाजारातून आली आणि पिशवीतून एक हिरवा जग काढून टेबलावर ठेवला.

"हा आपला नाही," ती म्हणाली. "हलका आहे."

मी बघितला. माझाच होता, फक्त हिरवा. माझ्या साच्यात पोटाच्या खाली एक बारीकशी खाच चुकून राहिली होती, नखाएवढी, मलाच माहीत होती. ती खाचसुद्धा उतरली होती. नक्कल करणाऱ्याने माझी चूकही जपून ठेवली होती, म्हणजे पठ्ठ्याने माझा जग समोर ठेवूनच साचा केला होता.

"आता याला सोडत नाही," मी म्हणालो.

"माझी दुहेरी कॉलर गल्लीतल्या सगळ्यांनी उचलली," बायको म्हणाली. "मी कुणाच्या मागे लागले?"

"तुझ्याकडे प्रमाणपत्र कुठे आहे?"

ती प्रमाणपत्राकडे बघत राहिली, मग खाली सरकलेल्या फळीकडे, आणि आत गेली.

हिरवा जग करणारा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पस्तिशीचा, आमच्याच संघटनेचा सभासद. त्याचं नाव मी घरात घेत नसे, ‘हिरवा’ म्हणत असे. वकीलबाईंनी त्याला नोटीस पाठवली. उत्तरादाखल त्याने नोंदणी कार्यालयात उलटा अर्ज टाकला की यांची नोंदणीच रद्द करा, हा आकार नवा नव्हता आणि निव्वळ उपयोगापुरता आहे. मी हसलो. वाईट काही व्हायचं असलं की त्याच्या आधी मी नेहमी हसतो.

सुनावणीला बायको बरोबर आली. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, जग माझ्यामुळे झाला, बघू तर द्या. खोली साधीच होती. एक लांब टेबल, मागे फायलींची कपाटं, पंखा कुरकुरणारा. अधिकारी वयस्कर, सौम्य. त्यांच्यासमोर पाण्याचा जग होता, स्टीलचा, बारीक मुठीचा. मी त्याच्याकडे तुच्छतेने बघून घेतलं.

वकीलबाईंनी आधी मला विचारलं, "हा आकार तुम्ही का निवडलात?"

हे आम्ही पाठ केलेलं होतं. "डोळ्यांना बरा वाटावा म्हणून," मी म्हणालो. "बसलेल्या पक्ष्यासारखा दिसावा, एवढाच विचार होता."

मागच्या बाकावर बायको होती. मी वळलो नाही, पण मानेच्या मागे काहीतरी जाणवलं.

मग हिरव्याचा वकील उठला. बारीक आवाजाचा, सारखा क्षमा मागणारा माणूस. त्याने एका पानाची प्रत पुढे केली. संघटनेच्या अंकातलं पान, अर्धं फाटलेलं. वर्ष लिहिलेला वरचा भाग गेलेला. फोटोत पांढरा जग, त्याच्या मागे शर्टाची दोन बटणं आणि एक हात. वकीलबाईंनी पान बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "यावर तारीख नाही. हे आमच्या अर्जाच्या आधीचं की नंतरचं, काही सिद्ध होत नाही."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "तारखेशिवाय याचा उपयोग नाही."

म्हणजे आम्ही जिंकत होतो. मला फक्त गप्प बसायचं होतं. वकिलाने क्षमा मागितल्यासारखे हात जोडले.

"बरोबर आहे, साहेब. मला आपलं एवढंच विचारायचं होतं की हा फोटोतला नमुना यांचा नसावा. फिनिशिंग जरा कच्चं वाटतं. अलीकडे कुणीतरी नवशिक्याने यांचा जग बघून केलेला दिसतोय."

वकीलबाई काही बोलायच्या आत मी उभा राहिलो होतो.

"कच्चं? साहेब, त्याला लाखेचे चार हात दिलेत. नवशिक्या कोण? तो माझाच नमुना, हात माझा, बटणंही माझी. आणि अलीकडचा कुठला, चार वर्षं झाली त्याला. ज्या वर्षी साबणाच्या डबीला बक्षीस दिलं त्या वर्षीचा. संघटनेत कुणालाही विचारा."

अधिकारी लिहीत होते. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, माझ्या स्पष्टवक्तेपणाने त्यांना भरून आलं असावं. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "बसता का?" तेव्हा मी बसलो, आणि बसता बसता मी काय बोललो ते मला ऐकू आलं. नोंदणीचा अर्ज होता अडीच वर्षांपूर्वीचा. सवलतीच्या वर्षाच्याही पलीकडे सहा महिने मी स्वतःच जाऊन पोचलो होतो.

वकिलाला आता उरलेलं कामही सोपं होतं. "फोटोखालचा मजकूर वाचतो," तो म्हणाला, आणि वाचायला लागला. "‘आमचे सभासद आणि त्यांनी घडवलेला जग. बोटांचे सांधे आखडल्यामुळे पत्नीला जग उचलता येईना, म्हणून तिच्या तळव्याची मापं घेऊन हा आकार शोधला. दहा नमुने तिने नाकारले. शिवणकामातलं तिचं बोट इतकं पक्कं आहे की तिने ज्याला हो म्हटलं तोच आकार कायम केला, त्यात माझं फारसं काही नाही.’"

शेवटचं वाक्य मी सांगितलं होतं हे मलाच आठवत नव्हतं. तो फोटोवाला काहीतरी चुकला असावा असंही मला वाटून गेलं. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे बघितलं. बायकोने हात मांडीवर, एकावर एक ठेवले होते.

बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. वकीलबाई पुढे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "निकाल लेखी येईल, पण वाट बघू नका."

"हरलो आपण," मी म्हणालो.

"हो, ते कळलं मला."

मग ती म्हणाली, "तुम्ही तिथे म्हणालात ना, की दिसायला बरा वाटावा म्हणून केला. पाठ केलेलं होतं ते मला माहीत होतं. तरी ऐकून कसंतरी झालं."

मी गप्प होतो. माझ्यासाठी ही नवीन गोष्ट होती.

"मग त्यांनी तो कागद वाचला," ती म्हणाली. "असं छापून आलेलं मला कधी दाखवलं का नाहीत?"

"बक्षीस साबणाच्या डबीला मिळालं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं, आणि कठडा बारीक होता, तिला नीट धरता येईना, म्हणून तिने माझं मनगट धरलं. घरी गेल्यावर कपाटाच्या मागून तो अंक काढायला मला अर्धा तास लागला. तिने पान कात्रीने कापून तिच्या मापांच्या वहीत ठेवलं. कात्री सरळच चालली, दुखत असतानाही.

निकाल आला. त्यात लिहिलं होतं की अर्जाच्या आधीच हा आकार स्वतः अर्जदाराने प्रसिद्ध केल्यामुळे तो नवा मानता येत नाही. सरळ सांगायचं तर माझा जग जगजाहीर होता, आणि जाहीर करणारा मीच. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं, धाग्यांची फळी परत वर गेली.

पुढच्या वर्षभरात पाच जणांनी तो जग काढला. निळा आला, पिवळा आला, एक तर फुलांच्या नक्षीचा आला, तो बघून मी आजारीच पडायचा बाकी होतो. बायकोच्या बोटांच्या तपासणीला रुग्णालयात गेलो तर तिथल्या एका विभागात खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने अकरा हिरवे जग ठेवलेले. समोर म्हाताऱ्या माणसांची रांग. एक आजोबा तो उचलून पेल्यात पाणी ओतत होते, हात थरथरत होता, पण पाणी पेल्यातच पडत होतं. मला त्यांच्याजवळ जाऊन सांगावंसं वाटलं. मी उठलोसुद्धा. बायकोने बाही धरली.

"पिऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

दरम्यान मी शहाणा झालो होतो. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसाठी एक टोपली केली, शिंपल्यासारखी, नुसती बघत राहावी अशी. कुणाला एक शब्द सांगितला नाही. नऊ आठवडे मी इतका गप्प होतो की मेहुणा तब्येत विचारायला आला. वकीलबाईंनी अर्ज केला, नोंदणी झाली, आता तिच्यावर माझा पक्का हक्क आहे. तिची आजवर कुणीही नक्कल केलेली नाही. कुणी विकतही घेतलेली नाही. तिच्यात चिमटे सात मावतात.

मग एका सकाळी हिरव्याचा फोन आला. मी आवाज ओळखला आणि ठेवणार होतो, पण तो घाईघाईने म्हणाला, "काका, मूठ तुटतेय."

त्याचे जग वर्षभर वापरल्यावर कडी पोटाला मिळते तिथेच तडकत होते. त्याने बाहेरचा आकार उतरवला होता. आत प्लॅस्टिक कुठे जाड, कुठे पातळ ठेवायचं ते बाहेरून दिसत नाही. साच्यात प्लॅस्टिक दोन बाजूंनी येऊन नेमकं कडीपाशी भेटत होतं आणि तो सांधा कच्चा राहत होता. हे मला फोनवरच कळलं आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो.

"बघतो," म्हणून फोन ठेवला आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. कसा रडकुंडीला आलाय, कसा काका म्हणतोय.

"तुटतो म्हणजे कुणाच्या तरी हातात तुटतो ना?" तिने विचारलं.

त्या रुग्णालयातल्या खिडकीचा कट्टा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी शर्ट बदलला.

हिरव्याचा कारखाना माझ्यापेक्षा स्वच्छ होता, हे मला आवडलं नाही. त्याने साचा उघडून ठेवला होता आणि बाजूला उभा राहिला, शाळेत वही तपासायला दिल्यासारखा. मी प्लॅस्टिक आत शिरायची जागा बदलली, कडीच्या मुळाशी आतून दोन फासळ्या वाढवल्या. तीन दिवस लागले. काम करताना मी त्याला त्याच्या बहुतेक सगळ्या चुका सांगितल्या. तो ऐकत होता आणि अधूनमधून लिहूनही घेत होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "एक विचारू? अंगठ्याची जागा मी दोन मिलिमीटर पुढे घेतली होती. ते चुकलं का?"

मी हिरवा जग उचलला. इतके दिवस तो माझ्या घरात होता आणि बायको तोच वापरत होती. हलका आहे म्हणून, असं मी समजत होतो. अंगठा ठेवला. तो अगदी आपसूक जाऊन बसला.

"चुकलं नाही," मी म्हणालो. "असं का केलंस?"

"माझ्या आईचा अंगठा वळत नाही," तो म्हणाला.

आता आठवड्यातले दोन दिवस मी त्याच्याकडे जातो. त्याची आई कधीकधी तिथे येऊन बसते आणि आमचे नमुने उचलून बघते. तीही माझ्या बायकोसारखीच, एका शब्दात निकाल देणारी. सध्या आमचं एका झाकणावरून वाजलंय. त्याचं म्हणणं सपाट हवं, माझं म्हणणं घुमटासारखं. वकीलबाईंनी दोघांकडूनही कागदावर सह्या घेतल्यात की अर्ज होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे झाकण उघडतं कसं ते मी सांगणार नाही. फार सुंदर उघडतं, एवढंच.